तेल अवीव ते मुंबई : नक्की किती तास?

मुंबईला जायचं ठरलं की हा प्रश्न निघतोच. शेजारीण सांगते सहा तास, चुलतभाऊ सांगतो आठ, आणि आणखी कोणी चौदा. गंमत म्हणजे तिघंही खरं बोलतात.

बेन गुरियन ते मुंबई विमानतळ हे सरळ अंतर सुमारे ४,०५० किलोमीटर. थेट विमानाला त्यासाठी साडेपाच-सहा तास पुरतात. पण ही सरळ वाट सौदी अरेबियावरून जाते आणि तिथे एल अलला मनाई होती. म्हणून विमान तांबड्या समुद्रावरून खाली उतरून, येमेनला वळसा घालून यायचं. चुलतभावाचे आठ तास ते हेच. मार्च २०१८ मध्ये एअर इंडियाचं दिल्ली-तेल अवीव विमान सौदीवरून आलं, पण ती सवलत एल अलला नव्हती. सौदीने जुलै २०२२ मध्ये आणि ओमानने फेब्रुवारी २०२३ मध्ये आकाश सर्वांना खुलं केलं, तेव्हा वळसा सुटला. लढाईच्या दिवसांत वाटा बदलतात, म्हणून थेट विमान आहे का, हे तिकीट काढतानाच विचारा.

थेट नसेल तर? दुबई जवळजवळ त्याच सरळ रेषेवर आहे, त्यामुळे तिथून गेल्याने अंतर फारसं वाढत नाही, वाढतो तो थांबा. आदिस अबाबावरून मात्र जवळजवळ ६,४०० किलोमीटर होतात. तिकीट स्वस्त असेलही, पण गुडघे दुखत असतील तर मी तरी दुबईच घेईन.

आता घड्याळ. तिकिटावर नेहमी त्या-त्या गावची वेळ छापतात. भारत हिवाळ्यात आपल्यापुढे साडेतीन तास, उन्हाळ्यात अडीच. हिवाळ्यात इथून रात्री १० ला निघालेलं सहा तासांचं विमान मुंबईत सकाळी ७.३० ला उतरतं. कागदावर साडेनऊ तास दिसतात! परतताना उलट होतं. मुंबईहून सकाळी ७ ला निघालात तर इथे १० वाजता पोचाल, पण विमानात बसला असाल साडेसहा तास. पश्चिमेचा वारा समोरून येतो, म्हणून येताना थोडा जास्त वेळ लागतो.

हा हिशेब औषधांसाठी फार महत्त्वाचा. रोज रात्री ८ ला गोळी घेत असाल, तर चोवीस तासांनी मुंबईत ११.३० वाजलेले असतात. इन्सुलिनवाल्यांनी निघण्याआधी कुपात होलिमच्या डॉक्टरांना वेळा लिहूनच मागाव्यात. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. दर तासाला उठून चार पावलं चाला, पायात रक्त साकळत नाही. व्हीलचेअर तिकिटाबरोबरच सांगून ठेवा.

आणि घरापासून घरापर्यंत मोजा. दिमोनाहून विमानतळ दीड तास, तीन तास आधी हजेरी, मग सहा तास उड्डाण, मुंबईत तपासणी आणि सामान. हे झाले बारा-तेरा. नवगावच्या स्मारकाला किंवा अलिबागच्या नातेवाईकांकडे जायचं असेल तर त्याच दिवशी निघू नका, एक रात्र मुंबईत झोपा. दुसऱ्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रोने तासाभरात पोचता येतं. गेटवेच्या लहान बोटी पावसाळ्यात बंद असतात.