मावशींना किती सुटले?

अंदाजपत्रकाचा दिवस मी सणासारखा पाळतो. चाळीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला दुसरे व्यसन कोठून असणार? २०२५ साली १ फेब्रुवारीला शनिवार होता. अकराच्या ठोक्याला कागद-पेन्सिल घेऊन मी टीव्हीसमोर बसलो. आत स्वयंपाकघरात मावशींच्या पोळ्या चालल्या होत्या. या मावशी गेली अकरा वर्षे आमच्याकडे येतात. सकाळपासून दुपारपर्यंत सहा घरच्या पोळ्या लाटतात आणि सगळे मिळून महिन्याला सोळा हजारांच्या आसपास घरी नेतात.

बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, ही घोषणा झाली आणि मी मोठ्याने "वा!" म्हणून ओरडलो. मावशी लाटणे हातात घेऊनच बाहेर आल्या.

"काय झालं, काका?"

"कर माफ झाला, मावशी! बारा लाखांपर्यंत!"

"मग तुम्हाला किती सुटले?"

आकडेमोड मी केलेलीच होती. पेन्शन आणि ठेवींचे व्याज मिळून माझे करपात्र उत्पन्न नऊ लाखांच्या घरात जाते. तोवरच्या दराने त्यावर ४०,००० रुपये कर आणि वर चार टक्के उपकर, असे ४१,६०० रुपये होत होते. नव्या वर्षापासून शून्य.

"एक्केचाळीस हजार सहाशे," मी सांगितले. सांगताना आवाज जरा खाली आला, कारण मावशींच्या अडीच महिन्यांच्या कमाईहूनही तो आकडा मोठा होता.

"अन् मला?"

"तुम्हाला कुठून सुटणार? तुम्ही प्राप्तिकर भरतच नाही."

"म्हणजे मी सरकारला काहीच देत नाही म्हणा की," असे म्हणून त्या आत गेल्या. तव्यावर पोळी होती.

वाचकहो, मी तेव्हा गप्प बसलो, आणि ते चुकले. मावशी सरकारला पुष्कळ देतात, फक्त पावती मिळत नाही. त्या महिन्याला २९९ रुपयांचे मोबाईलचे रिचार्ज मारतात. त्यात अठरा टक्क्यांच्या हिशेबाने ४५ रुपये ६१ पैसे कर असतो. तेच रिचार्ज एखाद्या कोट्यधीशाने मारले तरी तेवढेच ४५ रुपये ६१ पैसे. त्या फेब्रुवारीत साबण, दंतमंजनाची पेस्ट, डोक्याचे तेल, नातवाचे बिस्किट या सगळ्यांवरही अठरा टक्केच होते. सोळा हजारांतले जवळजवळ सगळे खर्चून जाणाऱ्या माणसाच्या कमाईला हा कर पुरता चिकटतो. ज्याच्या कमाईतले निम्मे शिल्लक पडते, त्याच्या निम्म्या कमाईला तो शिवतही नाही. प्राप्तिकराच्या चढत्या पायऱ्या लावल्या त्या याच तिरपेपणावर उतारा म्हणून.

हे काही आज सुचलेले शहाणपण नव्हे. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी हेच सांगितले होते, की तिजोरी भरते रयतेच्या घामाने आणि तिचा उपयोग होतो तो वरच्या वर्गांना. पुढे १९०२ च्या मार्चमध्ये कलकत्त्यास व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गोपाळराव गोखले अंदाजपत्रकावर पहिल्यांदा बोलले. सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडते आहे आणि रयत दुष्काळाने पिचली आहे, हा त्यांच्या बोलण्याचा रोख. त्यांच्या मागण्यांत दोन अशा होत्या: मिठावरचा कर उतरवा आणि प्राप्तिकराची सूट वर्षाला पाचशे रुपयांवरून हजारावर न्या. पुढच्याच वर्षी दोन्ही गोष्टी झाल्या. मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि सूट हजाराची झाली. मला यात मोठे वाटते ते हे, की कारकून-मास्तरांसाठी सवलत मागताना गोखल्यांनी मीठ खाणाऱ्याला बाहेर ठेवले नाही. मीठ खात नाही असा माणूस कोणता? २०२५ च्या फेब्रुवारीत मात्र दोन मागण्यांपैकी एकच पुरी झाली होती.

आता पायऱ्यांविषयी. आमच्या शाखेत एक हेडकॅशियर होते. बढती आली की ते नाकारीत. म्हणत, "वरच्या टप्प्यात गेलो तर सगळ्याच पगाराला वरचा दर लागेल." सबंध नोकरी त्यांनी या भ्रमात घालवली. खरे म्हणजे वरचा दर वरच्या रुपयांनाच लागतो. खालचे रुपये आपापल्या पायरीवरच राहतात. गंमत अशी, की २०२५ च्या योजनेने त्यांचा भ्रम एका कोपऱ्यात खरा करून दाखवला. करपात्र उत्पन्न बारा लाख असेल तर कर शून्य, आणि बारा लाख दहा हजार असेल तर कर दहा हजार, शिवाय उपकर. सुमारे बारा लाख सत्तर हजारांपर्यंत वरचा प्रत्येक रुपया सरकारजमा होतो. आमचे हेडकॅशियर असते तर छाती पुढे काढून फिरले असते.

चढत्या दराचा अतिरेकही आपण पाहिला आहे. १९५६ साली केंब्रिजचे निकोलस काल्डॉर येथे आले आणि त्यांनी सल्ला दिला, की संपत्ती, खर्च, देणग्या, भांडवली नफा या सगळ्यांवर कर बसवा, पण प्राप्तिकराचा वरचा दर पंचेचाळीस टक्क्यांवर थांबवा. आपण वैद्याची कडू औषधे सगळी घेतली आणि पथ्य तेवढे सोडले. यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना वरचा दर पंच्याऐंशी टक्के आणि त्यावर पंधरा टक्के अधिभार, म्हणजे ९७.७५ टक्क्यांवर गेला. दोन लाखांच्या वर मिळवलेल्या शंभरांतले सव्वादोन रुपये हाती! मी १९७२ साली बँकेत लागलो तेव्हा हे चालू होते. कापडाच्या एका व्यापाऱ्याने सासू, भाचा, मुनीम आणि घरचा गडी अशा चौघांच्या नावाने ठेवी ठेवलेल्या मी स्वतःच्या हाताने नोंदवल्या आहेत. गड्याला त्याची वार्ताही नसावी. वांच्छू समितीने १९७१ च्या अखेरीस वरचा दर पंचाहत्तर टक्क्यांवर आणायला सांगितले. दर चढवणाऱ्या चव्हाणांनीच १९७४ साली तो सत्त्याहत्तरवर उतरवला. याबद्दल त्यांना कोणी फारसे श्रेय देत नाही. द्यावे, असे माझे मत आहे.

पुढची उतरण भराभर झाली. १९७६ साली सहासष्ट, १९८५ साली पन्नास, १९९७ साली तीस. वारसाहक्कावरचा कर १९८५ साली गेला, संपत्तिकर २०१५ साली. दर उतरले म्हणूनच वसुली वाढली, असे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. वसुली वाढली हे खरे. पण त्याच काळात पगार वाढले आणि कर मुळातच कापून घेण्याचे जाळे बारीक विणले गेले. यश कोणाचे, हे जाळे विणणाऱ्यालाही विचारायला हवे.

मला टोचते ते दुसरेच. सूट जाहीर होते तेव्हा टक्के सांगतात; रुपये आपण मोजायचे असतात. २०२५ ची सूट मी मोजून पाहिली. सात लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्याला नव्या पद्धतीत आधीच कर नव्हता, म्हणून त्याला सुटले शून्य. बारा लाखवाल्याला ८०,०००. चोवीस लाखांच्या वर कितीही असो, १,१०,०००. म्हणजे ही सूट निदान वर जाऊन थांबते. मध्यमवर्गाची होती, आणि मीही त्यातलाच. पण २०२३ साली मोठ्या उत्पन्नावरचा अधिभार ३७ टक्क्यांवरून २५ वर आला, त्यात वर्षाला दहा कोटी मिळवणाऱ्याचे सुमारे ३७ लाख वाचले. त्या दिवशी मी ओरडलो नव्हतो, कारण मला ते कळलेच नाही. भाषणातले एक वाक्य, ४२.७४ चे ३९ टक्के. ऐकायला पावणेचार टक्के! आणि २०१९ च्या सप्टेंबरात कंपन्यांचा कर उतरला, तेव्हा वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपये सोडावे लागतील असे अर्थमंत्र्यांनीच सांगितले होते. शिवाय पायऱ्या चढायच्या त्या पगारदाराने. शेअर वर्षभर सांभाळून विकणाऱ्याच्या नफ्याला जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के दर आहे, मग नफा दोन लाखांचा असो की दोनशे कोटींचा. त्या वाड्याला मागच्या बाजूने लिफ्ट आहे.

मावशींचा मुलगा एका इमारतीवर पहारेकरी आहे. पगार सतरा हजार. त्याच्या पगारातून महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, असा वर्षाला अडीच हजार व्यवसाय कर कापला जातो. तो ज्या इमारतीची राखण करतो तिच्यात राहणाऱ्या बड्या व्यवस्थापकाचाही अडीच हजारच. राज्यघटनेने १९८८ पासून मर्यादाच तेवढी घातली आहे. हा कर महाराष्ट्राने १९७५ साली बसवला तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या दुष्काळी मजुराच्या हाताला काम द्यावे, असा त्यामागचा विचार. इतका सुंदर हेतू, आणि पायऱ्या मात्र पहाऱ्यावरच्या खुर्चीपाशीच संपतात.

२२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, मावशींची पाळी आली. साबण, पेस्ट, डोक्याचे तेल, बिस्किटे अठरावरून पाच टक्क्यांवर उतरली. मी पुन्हा पेन्सिल घेतली. या वस्तूंवर त्यांचे महिन्याला नऊशे रुपये जात असतील, तर ९९ रुपये सुटावेत, दुकानदाराने सगळे सोडले तर. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने पहिले पंधरा दिवस "जुना माल आहे" हेच सांगितले. त्याच दिवसापासून माझ्या आजारपणाच्या विम्यावरचा अठरा टक्के कर शून्य झाला. माझा हप्ता ५०,००० चा, सुटले ९,०००. आणि ज्याने पाच लाखांची छोटी मोटार घेतली त्याचे पन्नास हजारांच्या आसपास वाचले.

मी हे मावशींना सांगितले नाही, ९९ रुपयांचे तेवढे सांगितले. त्यांनी पदराच्या गाठीतून पाकिटाचा रिकामा कागद काढून दाखवला आणि छापील किंमत वाचायला लावली. जुनीच होती.

फेब्रुवारीतली माझी ४१,६०० ची चैन मात्र फार दिवस टिकली नाही. आठवड्याने मावशी म्हणाल्या, "काका, सहाच्या सहा घरी सांगितलंय, तीनशे वाढवा." आमच्या घरचे तीनशे मी ताबडतोब कबूल केले, वर्षाचे ३,६०० झाले. माझ्या सुटलेल्या रकमेचा तो साडेआठ टक्क्यांहून थोडा जास्त हिस्सा होतो. हा आकडाही मी त्यांना सांगितलेला नाही.