'वावडे' आणि ॲलर्जी : बालरोगनिदानातील एक शब्दविचार

मुलाला दुधाचे 'वावडे' आहे असे मराठी आई सांगते, तेव्हा ती नेमके काय सांगते? हा प्रश्न अर्थविचाराच्या अभ्यासकापुरता मर्यादित नाही. बालरोगतज्ज्ञाचे निदान प्रथम आईच्या निवेदनावरच उभे राहते, आणि या एका शब्दात निदान तीन निरनिराळ्या गोष्टी सामावल्या आहेत.

पहिली, दुधातील प्रथिनांना शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने शत्रू समजणे. यात गांधी उठतात, ओकाऱ्या होतात, क्वचित श्वास कोंडतो. अल्पसे दूधही जिवावर बेतू शकते. अशा प्रसंगी मांडीच्या स्नायूत ॲड्रेनालिनची टोचणी हाच मुख्य उपाय होय. दुसरी, दुग्धशर्करा न पचणे. पोट फुगते, जुलाब होतात. पण प्रतिकारयंत्रणेचा येथे संबंध नाही, आणि थोडे दूध बहुधा सोसते. तिसरी गोष्ट म्हणजे केवळ नावड!

'ॲलर्जी' हा शब्दही मुळात इतका काटेकोर नव्हता. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी तो 1906 मध्ये घडविला. घोड्याचा रक्तरस टोचलेल्या मुलांना आठ ते बारा दिवसांनी ताप व पुरळ येई. पुन्हा टोचल्यास तोच उपद्रव फार लवकर उद्भवे. ग्रीक 'ॲलॉस' (अन्य) व 'एर्गॉन' (कार्य) यांवरून त्यांनी या बदललेल्या प्रतिक्रियेला नाव दिले. तीत संरक्षण व अपाय दोन्ही अभिप्रेत होते; पुढे अर्थसंकोच होऊन अपाय तेवढा उरला.

त्वचेवरील टोचचाचणी किंवा रक्तातील इम्युनोग्लोब्युलिन ई यांवरून वाद मिटेल असे वाटते. तथापि होकारार्थी चाचणी केवळ संवेदनशीलता दाखविते. तो पदार्थ खाऊन त्रास होतोच असे ती सिद्ध करीत नाही. म्हणून किती दुधाने, किती वेळाने, दरवेळी त्रास होतो का, हे विचारावेच लागते. शंका उरल्यास वैद्यकीय देखरेखीखाली तो पदार्थ अल्प प्रमाणात देऊन पाहतात.

'वावडे' म्हटले की पदार्थ वर्ज्य करणे ओघानेच येते. जणू उपचार शब्दातच दडलेला आहे. वैद्यकही या समजुतीतून मुक्त नव्हते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2000 मध्ये, ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये असे सुचविले होते. 2008 मध्ये ती भूमिका सोडण्यात आली. पुढे लंडन येथे तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या 640 अर्भकांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. शेंगदाणा वर्ज्य केलेल्या गटात पाचव्या वर्षी 17.2 टक्के मुलांना त्याची ॲलर्जी आढळली. तो नियमित खाणाऱ्या गटात 3.2 टक्के मुलांना. अर्थात ज्यांची पूर्वचाचणी फार तीव्र होती, अशी अर्भके या प्रयोगात घेतलीच नव्हती.