चाळीस दिवस तर जमतात, पुढचं काय?

राखेचा बुधवार ते ईस्टर : मोहाशी पंगा घेण्याचा सीझन. पण खरी टेस्ट असते ती सीझन संपल्यावर!

१४ फेब्रुवारी २०२४. सगळीकडे व्हॅलेंटाइन डेची धूम आणि नेमका त्याच दिवशी आला राखेचा बुधवार. असा योग २०१८ मध्येही जुळून आला होता, आता थेट २०२९ मध्ये पुन्हा येणार. कॅथलिक तरुणाईची जाम पंचाईत! कारण राखेचा बुधवार म्हणजे कडक दिवस. एकच पूर्ण जेवण, बाकी दोन वेळा अगदी जेमतेम आणि मांसाहार बंद. वय १८ ते ५९ असेल तर नो एक्स्क्यूज. हातात गुलाब, कपाळावर राख आणि कँडललाइट डिनर कॅन्सल.

इथून सुरू होतो प्रायश्चित्तकाळ. कॅलेंडरवर मोजलंत तर ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस भरतात, पण रविवार धरत नाहीत म्हणून ४०. तुमच्या-आमच्या भाषेत सांगायचं तर हा ख्रिस्ती लोकांचा श्रावण. आणि श्रावणाआधी जशी गटारी, तसा याच्याआधी गोव्याचा कार्निव्हल! माणूस इथूनतिथून सारखाच. सोडायचं म्हटलं की आधी पोटभर उरकून घेतो.

पालघर, बोईसर, तारापूर हा सगळा पट्टा १९९८ मध्ये स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांतात येतो. तारापूरचा किल्ला १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकेपर्यंत पोर्तुगिजांकडे होता. त्यामुळे ख्रिस्ती धर्म इथे काही नवा पाहुणा नाही. पण आजच्या बोईसरची गंमत वेगळी. १९६९ मध्ये अणुवीज केंद्र सुरू झालं, मग एमआयडीसी वाढली आणि नोकरीसाठी माणसं आली. म्हणून इथे रविवारच्या मिस्सेला वसईकरांच्या शेजारी मंगळुरी, गोवेकर, केरळी अशी मंडळी दिसतात. बरेचसे घरापासून लांब, शिफ्टवर, भाड्याच्या रूमवर. मोह म्हणाल तर अशाच एकट्या संध्याकाळी दार वाजवतो.

पापलेटची पळवाट

या उपवासात मांस वर्ज्य, पण मासे चालतात. युरोपात ठीक आहे हो, पण पालघरला? सातपाटी हाकेच्या अंतरावर. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ज्याला राज्यमासा जाहीर केलं, ते पापलेट इथल्या बंदरात उतरतं. चिकन सोडून शुक्रवारी भरलं पापलेट खाल्लं तर नियम मोडत नाही. पण याला आपल्याकडे फार जुना शब्द आहे : एकादशी, दुप्पट खाशी!

नियमाचा फंडा असा की तो फक्त दार दाखवतो, आत आपल्यालाच जावं लागतं. इटलीतल्या मोडेना धर्मप्रांताने २००९ मध्ये तरुणांना आवाहन केलं होतं, की या काळात दर शुक्रवारी एसएमएस पाठवू नका. तेव्हा अनेकांना हसू आलं. आज दर दोन मिनिटांनी फोन चेक करणाऱ्या आपल्या पिढीला ते चिकन सोडण्यापेक्षा अवघड वाटेल.

वाळवंटातल्या तीन ऑफर्स

हे ४० दिवस येतात येशूच्या वाळवंटातल्या ४० दिवसांवरून. उपवासाने शरीर थकलेलं, भूक लागलेली आणि सैतान येतो. शिंगं-बिंगं काही नाही, अगदी मार्केटिंगवाल्यासारखा तीन ऑफर्स घेऊन. दगडांच्या भाकरी कर. मंदिराच्या टोकावरून उडी मार, देवदूत झेलतील. माझ्या पाया पड, जगातली सगळी राज्यं तुझी.

नीट बघा, भाकरी काही वाईट नाही आणि भूक तर खरीच आहे. मोह बहुतेक वेळा असाच येतो, एखादी रास्त गरज चुकीच्या वेळी आणि चुकीच्या भावात पुढे करत. दिवसभर दमलोय, एक पेग तर बनतोच! चार लोकांनी बघावं म्हणून केलेला स्टंट आणि वर जाण्याचा शॉर्टकट, या बाकीच्या दोन ऑफर्सही आपल्या ऑफिसात रोज येतात.

ही गोष्ट सांगताना लूक शेवटी एक बारीकशी नोंद करतो. सैतान हरून निघून जातो, पण कायमचा नाही, पुढची संधी मिळेपर्यंत. मला वाटतं, सगळी गोम इथेच आहे.

ईस्टरची भीती

माझ्या एका मैत्रिणीचा थोरला भाऊ बोईसरला केमिकल प्लांटमध्ये आहे. आपण त्याला दादा म्हणू. एरवी शनिवार आला की मित्रांची गाडी दमणला. पण राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत दादा थेंबाला शिवायचा नाही. सलग सहा वर्षं! सगळे कौतुक करायचे. फक्त वहिनी गप्प.

एकदा तिला कारण विचारलं. म्हणाली, ''चाळीस दिवस घर कसं शांत असतं गं. मग ईस्टर जवळ आला की माझ्या पोटात गोळा येतो. सगळे नवे कपडे घेत असतात आणि मी दिवस मोजत असते.''

सणाची भीती वाटावी? मला पुढे काय बोलावं सुचेना.

गेल्या वर्षी कुमसाराला गेल्यावर फादरांनी काय विचारलं, ते दादाने स्वतःच घरी सांगितलं. ''सोडलंस ते चांगलंच. पण त्या जागेवर ठेवलंस काय?'' मत्तयच्या शुभवर्तमानात एक दाखला आहे. माणसातून निघालेला दुष्ट आत्मा परत येतो, तर घर झाडलेलं, सजवलेलं आणि रिकामं. मग तो आपल्याहून वाईट सात सोबती घेऊन तिथेच मुक्काम ठोकतो. दादाचं घर दर वर्षी चाळीस दिवस असंच रिकामं राहत होतं.

म्हणूनच चर्च नुसता उपवास सांगत नाही. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म, तिन्ही एकत्र. उपवासाला बाकी दोघांची साथ नसेल तर उरतं ते डाएटिंग. दादाने शुक्रवारी क्रूसाच्या वाटेला जायला सुरुवात केली. दमणचे पैसे एका डब्यात पडू लागले आणि ते एका सहकाऱ्याच्या आईच्या औषधांना गेले. शनिवारची संध्याकाळ मुलासोबत चिंचणीच्या किनाऱ्यावर. शिवाय डॉक्टरांचा सल्ला आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंगा. सवय जडली असेल तर नुसत्या मनोनिग्रहावर विसंबू नये. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने तर एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारावंच, ते जिवावर बेतू शकतं.

ईस्टर झाला. दादाने ग्लास हातात घेतला नाही. पुढे दोनदा पाय घसरला, तेही त्यानेच वहिनीला सांगितलं. लपवलं नाही, हा बदल तिला जास्त मोठा वाटतो. चिंचणीचे शनिवार अजून चालू आहेत.

थोडक्यात काय, हे चाळीस दिवस म्हणजे रियाज. मैफल नंतर असते, एखाद्या साध्याशा सोमवारी, जेव्हा कपाळावर राख नसते आणि टाळ्या वाजवायला कुणीच नसतं.

ट्राय करून बघा!

• एकच गोष्ट सोडा, पण खरोखर टोचेल अशी.
• त्या रिकाम्या वेळात काय करणार ते आधीच ठरवा.
• वाचलेले पैसे स्वतःवर उडवू नका, कुणाच्या तरी उपयोगी पडू द्या.
• घरातल्या एकाला सांगा. स्टेटसवर टाकू नका!
• ४७ व्या दिवसाचा प्लॅन आजच करा.