वीतभर दांडा आणि विसरलेली चकती



गेल्या हिवाळ्यात श्रूजबरीत बर्फ साचला होता, तेव्हा आम्ही दोन कुटुंबांनी मिळून १९६६ सालच्या फोर्ड मस्टँगचे इंजिन उघडले. मराठीच्या वर्गाला येणारी आमची तीन मुलेही हाताखाली होती. अट एकच, गॅरेजमध्ये मराठीतच बोलायचे! इंजिन आठ सिलिंडरचे, २८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ४.७ लिटरचे. त्यातल्या एका अगदी साध्या भागाने आम्हाला चांगलाच धडा शिकवला. तो भाग म्हणजे ऑइल पंपाचा दांडा, अर्थात ड्राइव्हशाफ्ट.

हा दांडा काय करतो?

इंजिनात धातूवर धातू घासू नये म्हणून मधे तेलाचा पातळ थर लागतो. तळाच्या पॅनमधले तेल उचलून सगळीकडे पोचवण्याचे काम पंप करतो. पण पंपाला स्वतःची मोटर नसते. क्रँकशाफ्ट कॅमशाफ्टला फिरवतो, कॅमशाफ्टचे दाते डिस्ट्रिब्यूटरला फिरवतात आणि डिस्ट्रिब्यूटरच्या खालच्या टोकात बसलेला हा दांडा पंपाला फिरवतो. आजीची ताक करायची रवी आठवा. दोरी वर ओढायची, घुसळण खाली होते. तसेच हे.

दांडा षटकोनी, १/४ इंच जाड आणि साधारण वीतभर लांब असतो. इंजिनाचे ३००० फेरे झाले की याचे १५०० होतात. तो निसटला तर पंप थांबतो आणि तेलावाचून चाललेले इंजिन थोड्याच वेळात बाद होते.

ज्या पालकांनी भारतात ॲम्बॅसॅडर उघडलेली पाहिली असेल, त्यांना आठवत असेल की तिच्या जुन्या बी-सिरीज इंजिनातही पंप कॅमशाफ्टवरूनच फिरे. मात्र तिथे डिस्ट्रिब्यूटरचा दांडा वेगळा असे.

आमची फजिती

दांड्याच्या वरच्या भागावर पत्र्याची एक छोटी चकती घट्ट बसवायची असते. "एवढीशी चकती काय करणार?" असे म्हणून आम्ही ती डबीतच ठेवली. पॅन लावले, बोल्ट आवळले. मग डिस्ट्रिब्यूटर एक दाता चुकला म्हणून वर उचलला. तेलामुळे दांडा त्याला चिकटून वर आला, मधेच सुटला आणि टण्णकन पॅनमध्ये पडला! मुले हसली, आम्ही मात्र गप्प. नशीब, इंजिन अजून स्टँडवरच होते. पॅन पुन्हा काढले, नवे गॅस्केट आणले आणि अख्खा शनिवार गेला.

बसवायची रीत

१. दांडा नवाच घ्या. जुन्याच्या कडा झिजलेल्या असतात, कधी पीळही पडलेला असतो.

२. डिस्ट्रिब्यूटर जागेवर ठेवून दांडा खालून त्याच्या खाचेत पूर्ण बसवा. चकती क्रँककेसच्या छताला टेकली पाहिजे. टेकत नसेल तर दांडा काढून चकती सरकवा.

३. पंपात तेल ओतून तो हाताने फिरवा.

४. दांडा पंपात घाला आणि दोन्ही एकदमच खालून बसवा. बसत नसेल तर जोर लावू नका. दांडा थोडा फिरवून कोपरे जुळवा.

५. पॅन लावण्याआधी डिस्ट्रिब्यूटर उचलून पाहा. दांडा खालीच राहिला पाहिजे. (ही पायरी आमच्या फजितीतून आली!)

६. इंजिन सुलटे करून तेल भरा. डिस्ट्रिब्यूटर काढा आणि लांब दांडीला सॉकेट लावून दांडा ड्रिलने घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. सॉकेट आत पडू नये म्हणून चिकटपट्टी लावा. ड्रिल मोठ्यांनीच धरायचे.

आम्ही ड्रिल चालवले. आधी ते हलके फिरत होते, मग एकदम जड झाले. म्हणजे तेलाचा दाब तयार झाला! तेवढ्यात रॉकरकडे टक लावून बसलेली आमची धाकटी ओरडली, "आलं, आलं, तेल आलं!" तेही मराठीत.

शब्दार्थ
वीत – ताणलेल्या अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे अंतर
षटकोनी – सहा कोनांचा
फजिती – चूक होऊन उडालेली गंमत

प्रश्न: इंजिनाचे ४४०० फेरे झाले तर पंपाचे किती? उत्तर पुढच्या वर्गात मराठीत सांगा.