पुराणांतला वीर आणि पडद्यावरचा वीर

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारच्या सरोवराविषयीं एक कथा त्या भागांत पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. लवणासुर नांवाचा दैत्य भूमीखालील बिळांत राहून लोकांस छळीत असे. त्याचा ठाव कोणास लागेना. तेव्हां विष्णूनें सुंदर तरुणाचें रूप धारण केलें. दैत्याच्या दोघी बहिणी त्या रूपावर भुलल्या व त्यांनीं भावाचें बीळ दाखवून दिलें. देवानें पायाच्या अंगठ्यानें बिळावरचें झांकण उडविलें व दैत्यास ठार केलें. जो खळगा राहिला तेंच हें सरोवर, आणि त्यांतील खारें पाणी म्हणजे दैत्याचें रक्त, असें लोक म्हणतात. त्या पराक्रमाची आठवण म्हणून दैत्यसूदनाचें कोरीव देवालय लोणार गांवांत उभें आहे. भूगर्भशास्त्र सांगतें तें निराळें: सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचा हा खळगा आकाशांतून आलेली उल्का काळ्या कातळावर आदळून झाला.

याच लवणासुराची हकीकत रामायणाच्या उत्तरकांडांत वाचूं गेल्यास वेगळीच आढळते. तेथें त्याचा वध शत्रुघ्नाच्या हातून होतो, स्थळ यमुनेच्या परिसरांतील मधुवन आहे, आणि बिळाचा ठाव सांगणाऱ्या बहिणी तेथें नाहींत. म्हणून एक कथा खरी व दुसरी खोटी, असा तंटा कोणी मांडीत नाहीं. पुराणकथा जेथें वस्तीस जाते तेथील भूमि, पाणी व माणसें आपलींशीं करते. मग तीच कथा चित्रपटाच्या पडद्यावर आली असतां तिच्यांत फरक कां झाला, म्हणून एकदम रागावण्याचें कारण नाहीं. फरक हा होणारच. तो कोणता झाला आणि त्यापायीं काय गमावलें, एवढें मात्र डोळसपणें पाहिलें पाहिजे. यासाठीं ग्रीक लोकांची एक वीरकथा उदाहरण म्हणून घेणें सोयीचें होईल.

जेसन हा ग्रीक राजपुत्र. त्याच्या घराण्याचें राज्य चुलता पेलियस यानें बळकाविलें होतें. काळ्या समुद्राच्या पूर्वेकडील कोल्किस देशांत एका मेंढ्याचें सोन्याचें कातडें होतें. तें घेऊन ये, असें सांगून चुलत्यानें पुतण्यास मृत्यूच्या वाटेवर धाडलें. जेसननें आर्गो नांवाचें जहाज बांधविलें, निवडक वीर बरोबर घेतले व तो निघाला. कोल्किसच्या राजानें त्याला अट घातली कीं, आग ओकणारे बैल नांगरास जुंपावे, सर्पाचे दांत शेतांत पेरावे, व त्यांतून जे सशस्त्र योद्धे उगवतील त्यांना जिंकावें. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकांत अपोलोनियस नांवाच्या कवीनें ही सफर काव्यांत सविस्तर वर्णिली आहे. तें वर्णन वाचतांना एक गोष्ट ध्यानांत येते. आगीपासून रक्षण करणारें लेपन जेसनला दिलें तें राजाची कन्या मिडीया हिनें. उगवलेल्या योद्ध्यांमध्यें धोंडा टाक, म्हणजे ते आपापसांत लढून मरतील, ही युक्ति तिचीच. सोनेरी कातड्यावर पहारा करणाऱ्या सर्पास झोंप आणली तीहि तिनेंच. परतीच्या वाटेवर क्रीट बेटांत टालोस नांवाचा पितळी राक्षस जहाजावर धोंडे फेंकूं लागला, त्याला मंत्रबळानें भुलविलें तेंहि तिनेंच. त्याचा घोटा खडकावर घासला व अंगांतला जीवनरस वाहून जाऊन तो कोसळला.

या कथेवर १९६३ सालीं 'जेसन अँड दि आर्गोनॉट्स' हा चित्रपट निघाला. दिग्दर्शक डॉन चॅफी असले, तरी चित्रपटाची कीर्ति झाली ती रे हॅरिहाउझेन (१९२०–२०१३) यांच्या करामतीमुळें. टालोस, सात तोंडांचा सर्प व तरवारी घेतलेले सांपळे यांना त्यांनीं पडद्यावर हालतेंचालतें केलें. ही करामत कशी होते तें थोडक्यांत असें. चित्रपटांत एका सेकंदाला २४ स्थिर चित्रें डोळ्यांपुढून जातात व त्यांतून चलनाचा भास होतो. सांध्यासांध्यांत वळणारी लहानशी बाहुली मांडावयाची, तिचा हात केसभर सरकवून एक चित्र घ्यावयाचें, पुन्हा केसभर सरकवून दुसरें घ्यावयाचें, असें करीत गेल्यास पडद्यावर बाहुली आपोआप हालूं लागते. जिवंत नटांचें चित्रण आधींच झालेलें असतें. तें बाहुलीच्या मागच्या पडद्यावर एकेक चित्र करून उमटवितात, म्हणजे नट व बाहुली एकाच रणांगणांत दिसतात. सात सांपळे व तीन माणसें यांच्या लढाईचा प्रसंग कांहीं मिनिटांचा आहे. पण त्याला सुमारें साडेचार महिने लागले. सरासरीनें दिवसाकांठीं तेराच चित्रें होत, म्हणजे सारा दिवस खपून सुमारें अर्ध्या सेकंदाचें काम पदरांत पडे.

आतां फरकांकडे वळूं. मूळ कथेंत शेतांतून मांसाचे योद्धे उगवतात, चित्रपटांत सांपळे उगवतात. हा बदल कथेच्या जातीला धरून आहे. दांत पेरून सैन्य उगवावें या कल्पनेंत जी भीति आहे, तीच सांपळ्यांनीं दुणावते. कथाकारानें शब्दांनीं जें साधलें तें चित्रकारानें चित्रानें साधलें, एवढेंच.

दुसरा बदल तितका निरुपद्रवी नाहीं. चित्रपटांत टालोसाची गांठ जातांनाच पडते आणि त्याच्या टांचेची गुडदी जेसन स्वतः काढतो. सर्पालाहि तोच तरवारीनें मारतो. सांपळ्यांशीं तोच झुंजतो व शेवटीं समुद्रांत उडी घेऊन सुटतो. ज्या ज्या ठिकाणीं मिडीयेची बुद्धि होती, त्या त्या ठिकाणीं जेसनचा बाहु आला. ती मात्र बाणानें घायाळ होते व सोनेरी कातड्याच्या प्रभावानें वांचविली जाते. जी वांचविणारी होती ती वांचविली जाणारी झाली. शिवाय चित्रपट प्रेमाच्या मीलनाशीं थांबतो. ग्रीक प्रेक्षकांस पुढचें ठाऊक होतें: जेसननें तिला टाकून दुसरी राजकन्या वरिली, आणि त्या संतापांत मिडीयेनें आपलीं मुलें मारलीं. युरिपिडीसनें इसवीसनापूर्वी ४३१ मध्यें हेंच नाटक रंगभूमीवर आणिलें. ज्याच्यासाठीं तिनें बाप व देश सोडला त्याची कृतघ्नता हा त्या नाटकाचा गाभा होय. तो गाळल्यावर उरतें तें मनोरंजन उत्तम आहे, पण कथेचें ओझें हलकें झालें आहे.

आपल्याकडे धुंडिराज गोविंद फाळके यांनीं हेंच काम पुष्कळ आधीं केलें. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालीं मुंबईंत दाखविला गेला. १९१७ सालीं 'लंकादहन' व १९१९ सालीं 'कालिया मर्दन' आला. 'लंकादहना'त राम व सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीं केल्या. 'कालिया मर्दना'त बाळकृष्ण झाली ती फाळक्यांची कन्या मंदाकिनी. त्या मूकपटाच्या आरंभीं तिचा चेहरा निरनिराळे भाव दाखवितो व मग त्या मुलीचा कृष्ण होतो. ही आपली मुलगी आहे, ही करामत आहे, असें फाळके प्रेक्षकांस आधींच सांगून टाकतात, आणि तरीहि भाविकपणास बाध येत नाहीं. याचें कारण उघड आहे. प्रेक्षकांनीं ही कथा आजीच्या तोंडून व कीर्तनांत ऐकलेली होती. पडद्यावर जें सुटलें तें त्यांच्या मनांत शाबूत होतें.

खरा धोका येथेंच आहे. कथा आधीं कानांनीं ऐकलेली असेल, तर चित्रपटानें तिची हानि होत नाहीं. ती केवळ पडद्यावरच भेटली, तर जें गाळलें तें गाळलें हेंहि कळत नाहीं. याकरितां मुलांना असे चित्रपट अवश्य दाखवावे, पण घरीं आल्यावर मूळ कथा सांगावी व विचारावें: येथें कोणाचें काम कोणाच्या नांवावर गेलें? हा प्रश्न विचारण्याची संवय लागली, म्हणजे ग्रीक कथेंतील मिडीया दिसेल, आणि ज्यांच्यावांचून दैत्याचें बीळ सांपडलें नसतें त्या लोणारच्या दोघी बहिणीहि दिसतील.