मणके जोडल्यानंतर पुन्हा कंबरदुखी : कृत्रिम चकती बसवावी का?

खताच्या गोणी उचलणे, वाकून खुरपणी करणे, पाठीवर भरलेला फवारणी पंप आणि ट्रॅक्टरचे हादरे या साऱ्यांचा भार कंबरेवर येतो. ‘मणक्यात गॅप आहे’ असे निदान झालेल्या काही जणांवर मणके जोडण्याची, म्हणजे फ्युजनची शस्त्रक्रिया होते. काही वर्षे बरी जातात आणि कंबर पुन्हा धरते. मग कोणी कृत्रिम चकती बसवण्याचा सल्ला देते. त्यासाठी कर्ज काढण्यापूर्वी पुढील माहिती लक्षात घ्यावी.

दुखणे पुन्हा का सुरू होते?

कंबरेत पाच मणके असतात. दोन मणक्यांमधील चकतीत आत मऊ गर व भोवती चिवट कडे असते. ती धक्के सोसते व मणक्यांना हलू देते. फ्युजनमध्ये हाडाचे तुकडे भरून बहुधा स्क्रू व सळ्यांनी मणके पक्के करतात. हाड एकजीव झाले की तो सांधा कायमचा स्थिर होतो. साखळीच्या दोन कड्या वेल्डिंगने जोडल्या, तर वळण्याचा ताण शेजारच्या कडीवर येतो. तसाच ताण शेजारच्या, विशेषतः वरच्या चकतीवर येऊन ती झिजू शकते.

मात्र हे एकच कारण नसते. पूर्वीचे हाड नीट न जुळणे, स्क्रू सैल होणे किंवा शीर दबणे यामुळेही दुखते. या प्रत्येकावर उपचार वेगळा आहे. म्हणून कारण निश्चित झाल्याशिवाय शस्त्रक्रियेस होकार देऊ नये.

कृत्रिम चकती म्हणजे काय?

बऱ्याच प्रकारांत धातूच्या दोन तबकड्या व मध्ये कठीण प्लॅस्टिकचा गाभा असतो. पूर्व बर्लिनमधील शारिटे रुग्णालयात डॉ. कुर्ट शेल्नाक व डॉ. कारिन ब्यूटनर-यांझ यांनी अशी चकती विकसित केली आणि 1984 मध्ये ती प्रथम रुग्णाला बसवण्यात आली. डॉ. कारिन या 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णपदके मिळवणाऱ्या खेळाडू होत. अमेरिकेत या चकतीला 2004 मध्ये मान्यता मिळाली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नवी चकती सामान्यतः शेजारच्या हलत्या सांध्यात बसवतात. त्यामुळे पूर्वी जोडलेले मणके मोकळे होत नाहीत.

कोणाला उपयोगी नाही?

1) हाडे ठिसूळ झालेल्यांना.
2) मणक्याच्या मागील लहान सांध्यांची झीज झालेल्यांना.
3) मणका बराच पुढे सरकलेल्यांना किंवा नळी अरुंद झालेल्यांना.
4) शरीरात जंतुसंसर्ग असलेल्यांना.

व्यायाम, औषधे व फिजिओथेरपी किमान सहा महिने करूनही आराम नसेल, तरच सहसा या शस्त्रक्रियेचा विचार होतो. शीर दबून पायात बळ कमी होत असेल, तर मात्र इतके थांबू नये.

जुने कागद का जपावेत?

कंबरेतील चकती पोटाच्या बाजूने बसवतात. तेथे मोठ्या रक्तवाहिन्या असतात. पूर्वीची शस्त्रक्रिया पाठीकडून झाली असेल, तर पुढची वाट कोरी असते. ती पोटाकडून झाली असेल, तर रक्तवाहिन्या जुन्या व्रणात चिकटलेल्या असू शकतात व धोका वाढतो. म्हणून डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, एम.आर.आय. आणि बसवलेल्या साहित्याची नोंद जपून ठेवावी.

डॉक्टरांना हे विचारावे :

1) दुखणे नेमके कोणत्या सांध्यातून येते?
2) पूर्वीचे हाड पूर्ण जुळले आहे का?
3) माझ्या बाबतीत चकती बरी की पुन्हा फ्युजन, आणि का?
4) गोणी उचलणे व ट्रॅक्टर चालवणे केव्हा, किती जमेल?

शक्य असल्यास दुसऱ्या मणकातज्ज्ञाचेही मत घ्यावे.

घ्यावयाची काळजी

विडी-सिगारेट बंद करावी; तिने हाड जुळण्यास अडथळा येतो. गोणी दोघांनी उचलावी, गुडघ्यात वाकावे, ओझे अंगाजवळ धरावे व उचलताना कंबर पिळू नये. लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, जांघेत बधिरपणा येणे किंवा पाऊल लुळे पडणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

कृत्रिम चकतीमुळे योग्य रुग्णाचे दुखणे कमी होऊ शकते. पण तिने जुनी कंबर परत येत नाही. जड कामासाठी जोडीदार किंवा अवजाराची सोय शस्त्रक्रियेआधीच करून ठेवावी, हे उत्तम.