विवर दिसते, आघात कसा दिसावा?

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात सुलतानपूर हे गाव आहे. तेथील विद्यार्थ्यांना लोणारचे विवर पाहण्यासाठी कोणत्याही उपकरणाची गरज नाही. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर आणि काठापासून सुमारे १३७ मीटर खाली असलेले खारे तळे त्यांच्याच तालुक्यात आहे. दिसत नाही ती ते घडविणारी घटना. अशनीच्या आघाताने बसाल्ट वितळला, खडकांचे थर उसळून काठावर उलटे पडले, आणि हे सारे काही क्षणांत घडले. फळ्यावरील आकृतीत ही गती मावत नाही. अशा ठिकाणी ‘मिश्र वास्तव’ उपयोगी पडू शकते.

आभासी वास्तवाचे उपकरण डोळ्यांवर चढविले की भोवतालचे जग झाकले जाते. मिश्र वास्तवात मात्र ते दिसत राहते. कॅमेरे आणि संवेदक भोवतालच्या जमिनीचे व अंतरांचे मोजमाप घेतात आणि संगणकाने रचलेली त्रिमितीय प्रतिमा त्यात नेमकी बसवितात. मान वळविली तरी प्रतिमा आपली जागा सोडत नाही. पॉल मिलग्राम आणि फुमिओ किशिनो यांनी १९९४ मध्ये या संकल्पनेची शास्त्रीय मांडणी केली.

तथापि, गुंगून पाहणे म्हणजे शिकणे नव्हे. मक्रान्स्की, टेर्किल्डसेन आणि मेयर यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रयोगशाळेचा एकच पाठ संगणकाच्या पडद्यावर आणि आभासी वास्तवात दिला गेला. दुसऱ्या प्रकारात विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष तेथे असल्याचा अनुभव अधिक आला. शिकणे मात्र कमी झाले.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. लोणारचे वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार, तर दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५.७ लाख वर्षे येते. जिवंत प्रतिमा असा मतभेद दाखवीत नाही. ती निर्विवाद भासते.

खर्चाचा प्रश्नही आहेच. मायक्रोसॉफ्टच्या महागड्या ‘होलोलेन्स’चे उत्पादन २०२४ मध्ये थांबले. शाळांना साध्या मोबाइलच्या कॅमेऱ्याची वाट अधिक परवडणारी आहे. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड वापरणारे परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले, तेही अशा सहज उपलब्ध साधनांच्या बळावर.

म्हणूनच पाठाचा क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी काठावरचे खडक पाहून विद्यार्थ्यांनी अंदाज बांधावा, मग काही मिनिटे प्रतिमा पाहावी आणि शेवटी शिक्षकांनी विचारावे : यातील पुरावा कोणता आणि कल्पना कोणती? हा प्रश्न कोणतेही उपकरण स्वतःहून विचारीत नाही.